हमदानहून निघालेला माणूस

“लॉरीत बाकीचे सगळे पुढं तोंड करून बसले होते, मी एकटाच मागं तोंड करून बसलो,” असं इसाक एकदा म्हणाला होता. हसत म्हणाला होता. पण त्याच्या धाकट्या बहिणीला, माजिदाला, ते वाक्य पुढं कितीतरी दिवस बोटात मोडलेल्या कुसळासारखं जाणवत राहिलं.

माणूस तसा साधा. जुन्या नाशकातला, काझीपुऱ्यातला कल्हईवाला. बाप कल्हईवाला, आजा कल्हईवाला. तांबट आळीत ठोकलेली भांडी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या भट्टीवर येऊन पांढरी होऊन जायची. सतरा साली देवळाली कॅम्पातून एक पलटण इराकच्या लढाईवर निघाली. पलटणीच्या तांब्याच्या डेगांना कल्हई करायला माणूस हवा होता. इसाक गेला. घरी बायको होती, सहा महिन्यांची मुलगी होती. वर्षभराची तर गोष्ट, असं सांगून गेला.

वर्षभरात पलटण बसऱ्याहून बगदादला आणि तिथून इराणच्या डोंगरांत, हमदान नावाच्या गावी जाऊन पोचली. इकडं नाशकात मानमोडीची साथ आली. चौथ्या दिवशी इसाकची बायको गेली. पत्र त्याच्या हाती पडलं ते पाच महिन्यांनी. पुढं पलटण परत आली, इसाक आला नाही. आता कुणाकडं येऊ, असं त्यानं कुणाकडून तरी लिहवून पाठवलं. मास्तर ते पत्र वाचून दाखवत होते तेव्हा त्याची मुलगी रेहाना माजिदाच्या मांडीवर बसून दौतीकडं हात करत होती. माजिदा वीस वर्षांची, लग्न झालेली, मूल नसलेली. तिनं मास्तरांना एवढंच विचारलं, पत्रात हिचं नाव कुठं आलंय का?

नव्हतं आलं.

मुलगी माजिदाकडंच वाढली. तिला ‘अम्मा’ म्हणू लागली. माजिदाच्या नवऱ्याला, शफीला, मात्र नात्यानं फुफाच, म्हणजे आत्याचा नवरा, म्हणायची. शफीही कल्हईवाला, इसाकची भट्टी आता तोच चालवायचा. दोन-चार वर्षांतून कुणी येणारा-जाणारा इसाकचं पार्सल आणून द्यायचा. एकदा मेंढीच्या कातड्याची लोकरी बंडी आली, फार सुंदर, कडेनं पिवळं रेशीम भरलेलं. रेहाना तेव्हा अकरा वर्षांची होती आणि बंडी चार वर्षांच्या पोरीला बसेल एवढी. रेहानानं ती दोन्ही हातांनी समोर धरून पाहिली आणि घडी करून ठेवून दिली. पुढं मांजर व्यालं तेव्हा पिलांना खाली घालायला तिनं तीच काढून दिली.

चौतीस साली रेहानाचं लग्न मालेगावच्या एका विणकराच्या मुलाशी ठरलं. मुलाचे वडील खलीलमियाँ बोलायला मऊ, पण रीतीला पक्के. मुलीचा बाप हयात आहे ना, मग निकाहाला तो बसलेला दिसला पाहिजे, एवढीच त्यांची अट. माजिदानं पत्र धाडलं. तिला वाटलं होतं, उत्तर येणार नाही. उत्तर आलंच नाही. दसऱ्यानंतर एका सकाळी दारात टांगा थांबला आणि त्यातून एक पिकल्या दाढीचा, गालांवर थंडीनं चिरा पडलेला माणूस उतरला. माजिदानं त्याला हातांवरून ओळखलं. नवसागरानं भाजलेली ती बोटं तिच्या बापाची होती.

रेहानानं सलाम केला, पाणी आणून दिलं, आत गेली. इसाकनं या खेपेला तिच्यासाठी काही आणलं नव्हतं. माप माहीत नव्हतं, असं म्हणाला.

निकाह रमजान लागायच्या आत उरकायचा होता, म्हणजे हातात पाच-सहा आठवडे. या दिवसांत माजिदाचा जीव एकाच गोष्टीत गुंतला होता. निकाहाच्या वेळी मुलगी आत बसते आणि काझी बाहेर. तिचा होकार आणायला दोन साक्षीदारांबरोबर जो आत जातो आणि तिच्या वतीनं बाहेर बोलतो, तो तिचा वकील. वकील कोण, हे मुलीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं. बाप असला तर बापाचंच नाव घेतात. रेहानानं ते नाव घ्यावं, असं माजिदाला वाटत होतं. तिच्या मनात हिशेब सरळ होता. मुलीनं बाप म्हटलं तर भाऊ या घरात राहील. नाही म्हटलं तर त्याला अडवायला दुसरं काही नव्हतं.

पंधरा दिवस गेले, वीस गेले. इसाक शफीबरोबर भट्टीवर बसायचा. भाता ओढायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं एका दमात पुसून काढायचा. हात अजून सराईत होता. शेजारची भागीबाई आपला हंडा न्यायला आली, आत डोकावली आणि म्हणाली, “अगं बया, हा तर आरसा झाला. शफीमियाँ, इतकी वर्षं तू काय राख फासत होतास की काय?” शफीनं हसून कपाळावर हात मारून घेतला. माजिदाला वाटलं, बसतोय, हळूहळू बसतोय.

मग एक दिवस जेवताना शफी सहज बोलून गेला, “तुझ्या भावाला नमाजेत सूट मिळालीय वाटतं.”

“म्हणजे?”

“दुपारच्या फर्ज रकाती चार असतात आपल्याला. तो दोनच पढतो. आपण सगळे खुळेच म्हणायचे.”

शफीनं ते थट्टेवारी नेलं, पण माजिदाच्या हातातला घास तसाच राहिला. प्रवासात असलेल्या माणसाला ही सवलत असते. नमाजेच्या ज्या वेळेला चार रकात, म्हणजे उभं राहून, वाकून, माथा टेकून चार आवर्तनं, त्या वेळेला त्यानं दोन करायच्या. मुक्कामी पोचला, इथं पंधरा दिवस तरी राहायचं असं मनानं धरलं, की त्याच दिवसापासून पुन्हा चार. मशिदीत इमामामागं जमातीत उभा राहिला तर इसाक सगळ्यांबरोबर चार पढत असेलच. पण भट्टीवर किंवा घरी एकटा असला की दोन झाल्यावर सलाम फिरवून, म्हणजे मान उजवीकडं-डावीकडं वळवून नमाज संपवून, उठायचा. महिना होत आला होता.

दुसऱ्या दिवशी शफी मालेगावला गेला होता. इसाक अंगणात उन्हाला बसला होता. माजिदा तांदळाचं सूप घेऊन त्याच्यासमोर बसली आणि तिनं सरळ विचारलं, “भाईजान, परत जायचंय का?”

“नाही.”

“मग चाराच्या दोन का करतोस?”

इसाकनं नजर खाली केली. तो लाजल्यासारखा दिसला, या वयाला. “उभा राहतो तेव्हा चारच धरतो, माजू. दोन झाल्या, बसलो, की मान आपोआप वळते.”

आणि मग तो त्या गावाबद्दल पहिल्यांदा बोलला. सगळी दुपार बोलत राहिला. माजिदा तांदूळ निवडायचं विसरली.

हमदान अलवंद नावाच्या पहाडाच्या पायाशी आहे. दार उघडलं की आधी पहाड घरात येतो, मग उजेड. आपला पांडवलेण्यांचा डोंगर त्याच्या खांद्यावर ठेवला तर खडा वाटेल. हिवाळ्यात बर्फ पडतं ते गुडघ्याएवढं. छपरं मातीची, ती ओझ्यानं खचतात; म्हणून फावडी घेतलेली माणसं बर्फ उतरवायला गल्लीतून आरोळी देत जातात. पहिल्या हिवाळ्यात ती आरोळी ऐकून इसाक धावत दाराशी गेला होता. त्याला वाटलं, कुणी दुसरा कल्हईवाला आलाय. आपल्या जातीचं माणूस.

ते पहिलं साल दुष्काळाचं होतं. पलटणीचं काम झालं की तो गावाची भांडी घ्यायला बाजारच्या तोंडाशी बसायचा. तीन महिने एक भांडं आलं नाही. परक्याला देत नसतील, असं त्याला वाटलं. मग कळलं, लोकांच्या घरात शिजवायलाच काही नव्हतं. जिथं चूल पेटत नाही तिथं कल्हई कुणाला हवी. पहिलं भांडं घेऊन आली ती मासूमा नावाची बाई. सगळे तिला नन्ने म्हणायचे. नन्ने म्हणजे म्हातारी आई. भांडं वीस माणसांचं होतं. तिचे दोन्ही मुलगे त्या साली भुकेनं गेले होते. तिला त्या भांड्यात काही शिजवायचं नव्हतं. आत काळं झालंय, ते बघवत नाही, एवढंच ती खुणेनं सांगत होती. इसाकनं ते भांडं असं घासलं, असं घासलं, की आत तिचा चेहरा दिसू लागला. मग तिनं त्यावर पदर टाकला.

त्या गावात थंडीत एक चौरंग मांडतात. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर मोठी रजई. घरातली माणसं चारी बाजूंनी पाय आत घालून बसतात, तिथंच जेवतात, तिथंच पेंगतात. नन्नेच्या चौरंगाच्या तीन बाजू रिकाम्या होत्या. त्यातल्या एका बाजूला तिनं त्याला बसवलं. सोळा हिवाळे तो तिथं बसला. बोलणं फारसं नसायचं. ती साखरेचा खडा दातांत धरून चहा प्यायची आणि हा हिंदी माणूस चहात साखर विरघळवून तो नासवतो म्हणून दर संध्याकाळी त्याला तेच तेच बोलायची.

“तुझं पत्र आलं तेव्हा मी तिला सांगितलं, मुलीचं लग्न आहे. ती म्हणाली, तुला मुलगी आहे?” इसाक थांबला. “सोळा वर्षांत मी तिला सांगितलंच नव्हतं, माजू.”

बर्फ पडायच्या आत निघायचं ठरलं. त्या सकाळी शेजारचा भटारखान्यातला माणूस गरम रोट्या घेऊन आला, खोगिरं शिवणारा आला, ज्यांच्या डेगा त्यानं वर्षानुवर्षं पांढऱ्या केल्या त्या बायका आपापल्या दारांत उभ्या राहिल्या. नन्नेनं चौकटीत कुराण उंच धरलं आणि त्याला तीनदा त्याच्याखालून जायला लावलं. ती ठेंगणी होती. त्याला फार वाकावं लागलं. तो निघाला तसं तिनं त्याच्या पाठीमागं वाडगाभर पाणी रस्त्यावर सांडलं. पाणी जसं न अडखळता जातं तसा माणूस जावा, आणि तसाच परत यावा, म्हणून. त्यानं वळून पाहिलं नाही, पाहायचं नसतं. म्हणूनच मग लॉरीत बसल्यावर त्यानं तोंड मागं केलं.

खिंडीपर्यंत रस्ता वळणावळणाचा. चिनारांची पानं पिवळी पडली होती. वळण आलं की गाव डोंगराआड जायचं. इसाक मनात खुदा हाफिज म्हणायचा, आणि पुढच्या वळणावर गाव पुन्हा समोर. घुमट, धूर, मातीची छपरं. असं तीनदा झालं. तीनदा त्यानं निरोप घेतला.

“चौथ्यांदा गाव आलंच नाही. मी वाट बघत बसलो होतो.”

आणि तिकडची आणखी एक रीत त्यानं सांगितली. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी डाळी, पाला आणि शेवया घालून आश नावाची घट्ट पेज शिजवतात आणि गल्लीत वाटतात, त्याची वाट सुखाची व्हावी म्हणून. ते त्याच मोठ्या भांड्यात शिजलं असणार. तिसऱ्या दिवशी दुपारी तो इराकच्या हद्दीवर कागद दाखवायच्या रांगेत उभा होता. त्याला वाटलं, आता आश वाटत असतील. नन्नेची आश त्यानं दुसऱ्यांच्या नावानं पुष्कळदा खाल्ली होती. आपल्या नावाची कुणालाच खायला मिळत नाही. ती असते तिथं आपण नसतो.

“आता रजईखाली दोनच पाय,” तो म्हणाला.

माजिदानं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “तू इथून निघालास, तेव्हा तुझ्या पाठीमागं काय झालं, ते कधी विचारलंस?”

इसाकनं मान हलवली.

“भाभीनं तीन दिवस उंबऱ्यापाशी झाडू फिरवू दिला नाही. तुझी पावलं पुसली जातील म्हणून. आपली अम्मी ओरडली, घरभर धूळ झाली. तिनं ऐकलं नाही.”

इसाकची नजर उंबऱ्याकडं गेली. तिथं रेहाना उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आत निघून गेली.

त्या दिवशी मुलीच्या केसांना तेल लावताना माजिदानं विषय काढला. वकील म्हणून अब्बांचं नाव घेशील ना? कुराण आणि नमाजेचे नियम रेहाना उस्तानीबाईंकडं शिकलेली होती, चांगली शिकलेली होती. दोन रकातींची गोष्ट तिनं शफीच्या आधी पाहिली होती, आठव्याच दिवशी.

“अम्मा, मी त्यांच्यावर रागावलेली नाही,” ती म्हणाली. “ते ज्या दिवशी या घरात चार पढतील, त्या दिवशी मी म्हणेन, अब्बा आले. मग वकील तेच. तू मात्र त्यांना सांगायचं नाहीस. सांगून पढले तर ते तुझ्यासाठी असेल.”

माजिदानं कबूल केलं आणि तेव्हापासून तिचं जेवण तुटलं. एक शब्द सांगितला तर भाऊ हसत हसत चार काय आठ पढेल, हे तिला माहीत होतं. आणि तो शब्द सांगितला तर काहीच उरणार नाही, हेही माहीत होतं. ती रोज अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेच्या, वेळेला काही ना काही काम काढून मागच्या अंगणाच्या दाराशी जायची. रोज दोन. एकदा त्यानं दोन पढून झाल्यावर चटईवर बसल्या बसल्या समोरच्या भिंतीकडं इतका वेळ पाहिलं की तिला वाटलं, त्याला काहीतरी कळलंय. पण तो भिंतीवरचा ओलाव्याचा डाग पाहत होता. डोंगरासारखा होता तो.

निकाह अस्रनंतर ठेवला होता. मालेगावची माणसं सकाळच्या मोटारीनं आली. पुढच्या अंगणात चादरी अंथरल्या, काझीसाहेबांना गादी घातली. खलीलमियाँनी इसाकला गळामिठी दिली आणि म्हणाले, समधी, तुम्ही आलात, आमची शोभा राहिली. इसाकनं शफीची शेरवानी घातली होती. ती त्याला खांद्यांत तंग होत होती. नखांतली काजळी काढायला त्यानं सकाळभर लिंबू चोळलं होतं.

अस्रची बांग झाली. बहुतेक पुरुष मशिदीत गेले. इसाक पाहुण्यांच्या सामानापाशी राहिला होता. तो मागच्या अंगणात आला. माजिदानं त्याच्या हातावर नमाजेआधी हातपाय धुवायचं, वजूचं पाणी घातलं.

“भाईजान, आज नीट पढ,” ती म्हणाली. एवढं तरी बोलल्यावाचून तिला राहवलं नाही.

“नीटच पढतो की,” तो म्हणाला.

त्यानं चटई टाकली. माजिदा आत आली. लग्नाच्या लाल पोशाखात बसलेली रेहाना खिडकीशी सरकली होती. मेंदीचे हात मांडीवर उताणे ठेवून ती गजांतून बाहेर पाहत होती. इसाक उभा राहिला, वाकला, माथा टेकला. एक. पुन्हा उभा राहिला. पाठ आता म्हाताऱ्या माणसाची होती. दोन. तो बसला.

दुसऱ्या रकातीनंतर सगळेच बसतात. ज्याला चार पढायच्या असतात तो थोडा वेळ बसून, गुडघ्यांवर हात रेटून, पुन्हा उठतो. माजिदाची नजर त्या गुडघ्यांवर होती. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. इसाकचा एक हात गुडघ्यावर घट्ट झाला, बोटं पांढरी पडली. ऊठ, माजिदा मनात म्हणाली. ऊठ रे.

त्याची मान उजवीकडं वळली. मग डावीकडं.

रेहानानं डोक्यावरची ओढणी पुढं ओढून घेतली.

पुरुष मशिदीतून परतले. काझीसाहेबांनी वही उघडली. इसाक त्यांच्या शेजारी, बापाच्या जागी, जाऊन बसला. पडद्याच्या फटीतून माजिदाला त्याची अर्धी पाठ दिसत होती. काझीसाहेबांनी विचारलं, मुलीचा वकील कोण? खलीलमियाँ हसून म्हणाले, आता बाप बसलाय तर विचारायचं काय. पण रीत ती रीत. दोन साक्षीदार उठून पडद्याशी आले आणि त्यांनी रेहानाला तिचा वकील विचारला.

माजिदानं तिचा हात घट्ट धरला. मेंदीचा हात थंडगार होता.

“शफीफुफा,” रेहाना म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण अंगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला.

शफी मागं सरबताचे पेले मांडत होता. तो तसाच उभा राहिला, हातात पेला घेऊन, आणि माजिदानं त्याला इतक्या वर्षांत कधी इतकं ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. खलीलमियाँ काझींकडं पाहू लागले. काझी वहीकडं.

इसाक उठला. शफीच्या हातातला पेला त्यानं काढून घेतला, खाली ठेवला आणि त्याला खांद्याला धरून आणून आपल्या जागी बसवलं. आपल्या अंगातल्या शेरवानीची चुरगळलेली कड सारखी केली. मग त्यानं पडद्याकडं पाहिलं. माजिदाला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. मुलीला दुवा देईल, निदान तिचं नाव तरी घेईल. रेहानाही मान वर करून फटीतून बघत होती. चादरींच्या कडेला शंभर चपला होत्या. इसाक वाकून आपल्या शोधत राहिला, त्या सापडल्या, त्यानं पाय घातले, आणि बैठकीत बसलेल्या माणसांमधून वाट काढत तो एक शब्द न बोलता बाहेर पडला.